आवेगांची वेळ आणि मेंदूतील लय : दृष्टीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पडद्यावर एखादे छायाचित्र अवघे २० मिलिसेकंद झळकून गेले, तरी त्यात प्राणी होता की नव्हता हे माणूस बहुतेक वेळा अचूक सांगतो. चित्र त्याने आधी कधी पाहिलेले नसते. प्राणी कोणता असेल, चौकटीत कुठे असेल, याची त्याला कल्पना नसते. फ्रान्समधील तुलूझ येथे सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांनी त्यात आणखी एक गोष्ट टिपली होती. प्राणी असलेल्या आणि नसलेल्या चित्रांना मेंदू देत असलेला प्रतिसाद चित्र दिसल्यापासून साधारण १५० मिलिसेकंदांतच वेगळा होऊ लागतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओळख पटवण्याचे बरेचसे काम उरकलेले असते.

एवढ्या थोड्या अवधीत चेतापेशी एकमेकींना नेमके काय आणि कसे कळवतात, हा दृष्टीच्या अभ्यासातला एक मूलभूत प्रश्न आहे. त्याला दोन बाजू आहेत. एक बाजू एकेका पेशीची : तिने पाठवलेल्या विद्युत आवेगांची संख्या महत्त्वाची, की ते आवेग नेमके केव्हा निघाले हे महत्त्वाचे? दुसरी बाजू पेशींच्या समूहाची : मेंदूत सतत उमटणाऱ्या विद्युतलहरींचा, म्हणजे त्याच्या लयीचा, पाहण्याच्या क्रियेत काही वाटा आहे, की ती यंत्र चालू असताना होणारी नुसती घरघर आहे? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी वेळच आहे, म्हणून त्यांचा विचार एकत्र करावा लागतो.

प्रथम मार्ग पाहू. प्रकाश दृष्टिपटलावर पडतो. तिथे प्रत्येक डोळ्यात बारा कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांतल्या दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात, शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात आणि रंगांसाठी. या पेशी आवेग सोडत नाहीत. प्रकाशाच्या कमी-जास्तपणाप्रमाणे त्यांचा विद्युतदाब हळूहळू वरखाली होतो. दृष्टिपटलाच्या शेवटच्या थरातील गँग्लियॉन पेशींपाशी मात्र भाषा बदलते. सुमारे दहा लाख गँग्लियॉन पेशींचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते, आणि डोळ्याबाहेर जे काही जाते ते या तंतूंमधून आवेगांच्या रूपानेच जाते. पुढे मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसमधले एक केंद्र, तिथून डोक्याच्या मागच्या भागातील प्राथमिक दृक्-कॉर्टेक्स, आणि त्यानंतर एकापुढे एक असलेली दृष्टीची इतर क्षेत्रे, असा हा प्रवास आहे. कडा, रंग, हालचाल, आकार, चेहरा अशी वाढत्या गुंतागुंतीची वैशिष्ट्ये या क्षेत्रांमध्ये हाताळली जातात.

आवेग, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत सगळे स्पाइक म्हणतात, ही घटना अगदी अल्पजीवी आहे. विश्रांतीच्या अवस्थेत चेतापेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने कमी असतो. इतर पेशींकडून आलेल्या संकेतांनी हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे घटला, की पेशीच्या आवरणातील सोडियमची द्वारे धडाधड उघडतात आणि आतला दाब शून्याच्याही वर जातो. मग सोडियमची द्वारे बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि दाब पूर्ववत होतो. हे सारे साधारण एका मिलिसेकंदात घडते. माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. त्या कामासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आवेगाचे मुख्य लक्षण असे, की तो एकतर पूर्ण निघतो नाहीतर निघतच नाही. एकाच पेशीचे सगळे आवेग जवळपास सारख्याच उंचीचे असतात. त्यामुळे आवेगाच्या आकारात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे सांगायचे ते किती आवेग आले आणि केव्हा आले, यांतूनच सांगावे लागते.

‘किती’ या बाजूचा पाया केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी घातला. १९२६ मध्ये त्यांनी इंग्वे झॉटरमन यांच्याबरोबर एकेका संवेदी तंतूतले आवेग मोजले आणि दाखवले, की उद्दीपन जितके तीव्र तितके दर सेकंदाला निघणारे आवेग अधिक. आवेगाची उंची मात्र तीच राहते. एड्रियन यांनी आपला विवर्धक ध्वनिक्षेपकाला जोडला होता. भेकाच्या दृष्टिचेतेवर विद्युतअग्रे लावून अंधारलेल्या खोलीत काम करत असताना ध्वनिक्षेपकातून सतत खरखर येऊ लागली. त्यांच्या ध्यानात आले, की खोलीत ते स्वतः हलले की खरखर वाढते : भेकाचा डोळा त्यांनाच पाहत होता. पुढे स्टीफन कुफलर यांनी १९५३ मध्ये दाखवले, की मांजराच्या दृष्टिपटलातील गँग्लियॉन पेशी दृश्याच्या एका लहान वर्तुळाला प्रतिसाद देतात आणि त्याभोवतीच्या कड्यातल्या प्रकाशाने तो प्रतिसाद दबतो. १९५८ पासून डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या प्राथमिक दृक्-कॉर्टेक्समधील पेशी तपासल्या. ठिपके दाखवून काही साधेना. पण काचेची पट्टी प्रक्षेपकात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम तडतडू लागली. तिला ठिपका नको होता, ठरावीक कोनात तिरपी असलेली रेघ हवी होती. ह्यूबेल आणि वीझेल यांच्या या शोधांना १९८१ चे नोबेल मिळाले. सर्व ठिकाणी मोजमाप एकच होते : दर सेकंदाला आवेग किती.

आवेगांच्या संख्येवर उभी असलेली ही परंपरा भक्कम आहे आणि तिने दिलेले ज्ञान आजही टिकून आहे. अडचण तिच्या मोजण्याच्या पद्धतीत आहे. संशोधक एकच रेघ वीस-तीस वेळा दाखवतो, प्रत्येक वेळचे आवेग मोजतो आणि सरासरी काढतो. जंगलातल्या हरणाला वाघ वीस वेळा पाहून सरासरी काढता येत नाही. त्याच्या मेंदूला एकाच झलकेत निर्णय घ्यावा लागतो.

थॉर्प यांनी केलेला हिशेब इथे नजरेखालून घालण्यासारखा आहे. दृष्टिपटलापासून वस्तू ओळखणाऱ्या क्षेत्रांपर्यंत संकेताला साधारण दहा टप्पे पार करावे लागतात. माकडांच्या मेंदूत चेहऱ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी चित्र दिसल्यापासून सुमारे १०० मिलिसेकंदांत जाग्या होतात. म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला दहाच मिलिसेकंद येतात. त्यात चेतासंधी ओलांडण्याचा आणि तंतूतून प्रवास करण्याचा वेळही धरायचा. कॉर्टेक्समधील पेशी सेकंदाला शंभर आवेगांच्या वर क्वचितच जाते. दहा मिलिसेकंदांत अशी पेशी फार तर एक आवेग पाठवू शकते. एकाच आवेगावरून दर काढता येत नाही, कारण दर काढायला निदान दोन आवेगांमधले अंतर लागते. मग पुढच्या टप्प्यातली पेशी काय वाचत असेल? थॉर्प यांचे उत्तर असे, की ती आधी कोण आणि नंतर कोण हा क्रम वाचते. ज्या पेशीला उद्दीपन जोरदार मिळते ती मर्यादा लवकर ओलांडते, म्हणून तिचा आवेग आधी निघतो. शेकडो पेशींचा पहिलाच आवेग ज्या क्रमाने येतो, त्या क्रमात दृश्याचा ढोबळ नकाशा असू शकतो.

या तर्काला दृष्टिपटलातून थेट पुरावा मिळाला. टिम गोलिश आणि मार्कुस माइस्टर यांनी सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या दृष्टिपटलावर चित्रे क्षणभर दाखवून गँग्लियॉन पेशींचे आवेग नोंदवले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले, की काही पेशींच्या आवेगांची संख्या चित्र बदलले तरी फारशी बदलत नाही. पण दोन पेशींच्या पहिल्या आवेगांमधील वेळेचा फरक चित्राच्या रचनेबद्दल पुष्कळ सांगतो. चित्राची तीव्रता कमी केली तर सगळेच आवेग उशिरा येतात, तरी त्यांच्यातला परस्पर क्रम बहुतांशी टिकतो. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेव्हा दृष्टिपटलावर प्रत्येक वेळी असेच नवे चित्र झळकते. त्यामुळे हा संकेत प्रत्यक्ष पाहण्याच्या क्रियेला साजेसा आहे.

वेळेचा हा नेमकेपणा माशीतही आढळतो. माशीच्या दृष्टिव्यवस्थेत आडव्या हालचालीला प्रतिसाद देणारी ‘एच-१’ नावाची एक पेशी आहे. माशी वळते तेव्हा तिच्यासमोरचे जग ज्या गतीने सरकते, ती गती या एकाच पेशीच्या आवेगांच्या वेळांवरून क्षणाक्षणाला पुन्हा मांडता येते, हे विल्यम बियालेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले. सस्तन प्राण्यांच्या कॉर्टेक्समधील पेशी मुळातच ढिल्या असतात का, हा प्रश्न झॅकरी मेनन आणि टेरेन्स सेज्नोव्हस्की यांनी १९९५ मध्ये उंदराच्या कॉर्टेक्सच्या कापांवर तपासला. पेशीत स्थिर विद्युतप्रवाह सोडला तर तिच्या आवेगांच्या वेळा प्रत्येक फेरीत विस्कटत गेल्या. तोच प्रवाह नैसर्गिक संकेतांसारखा चढउतार करणारा ठेवला तर त्याच पेशीने प्रत्येक फेरीत त्याच जागी, एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर आवेग सोडले. ढिलेपणा पेशीचा नव्हता, तिला दिलेल्या संकेताचा होता.

संख्येची बाजूही तितक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे. मायकल शॅडलन आणि विल्यम न्यूसम यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की जिवंत प्राण्याच्या कॉर्टेक्समधील पेशीकडे एकाच वेळी हजारो चेतासंधींमधून उत्तेजक आणि दमनकारी असे दोन्ही प्रकारचे संकेत येत असतात आणि ते जवळपास तुल्यबळ असतात. अशा गर्दीत एकेका आवेगाची नेमकी वेळ टिकून राहणे कठीण. मात्र शेकडाभर पेशी मिळून तीच गोष्ट सांगत असतील, तर त्या सर्वांची सरासरी काही मिलिसेकंदांतही काढता येते. म्हणजे संख्येवरचा संकेत हळू असतोच असे नाही. तो एका पेशीच्या दीर्घ अवधीऐवजी अनेक पेशींच्या अल्प अवधीत वाचता येतो. आजची समजूत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. दृष्टिपटल आणि थॅलॅमस येथे वेळ फार काटेकोर असते. कॉर्टेक्सच्या वरच्या क्षेत्रांमध्ये ती सैल होत जाते आणि समूहाच्या सरासरीचे महत्त्व वाढते.

वेळेला महत्त्व असल्याचा आणखी एक भक्कम आधार शिकण्याच्या प्रक्रियेत सापडतो. १९९७-९८ च्या सुमारास हेन्री मार्क्रम आणि सहकारी, तसेच ग्वो-चियांग बी आणि मू-मिंग पू यांनी दाखवले, की आधीच्या पेशीचा आवेग पुढच्या पेशीच्या आवेगापूर्वी काही मिलिसेकंद आला तर त्यांच्यातली चेतासंधी बळकट होते. क्रम उलटला तर ती दुबळी होते. दोघांमधले अंतर काही दशक मिलिसेकंदांपलीकडे गेले की परिणाम विरतो. मांजराच्या दृक्-कॉर्टेक्समध्ये दोन वेगवेगळ्या कोनांच्या रेघा ठरावीक क्रमाने, काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दाखवल्या, तर पेशींच्या आवडत्या कोनात किंचित बदल होतो आणि बदलाची दिशा रेघांच्या क्रमावर ठरते. जो मेंदू आवेगांच्या क्रमाप्रमाणे आपली जोडणी बदलतो, त्याला क्रम कळतच नाही असे म्हणता येणार नाही.

आता लयीकडे वळू. लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विद्युतप्रवाहाचे चढउतार पाहिले होते. माणसाच्या टाळूवरून अशी नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. मेंदूच्या तपासणीत आज सर्रास वापरला जाणारा ईईजी तो हाच. बर्गर यांना डोळे मिटून शांत बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा वेळा होणारी एक ठळक लहर दिसली. तिला त्यांनी अल्फा म्हटले. माणसाने डोळे उघडताच ती मावळते. सुरुवातीला या शोधाकडे संशयाने पाहिले गेले. १९३४ मध्ये एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तो पडताळून पाहिला आणि लहरीचा उगम डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या क्षेत्रात असल्याचे सांगितले. एकेका आवेगाचा आणि सामूहिक लयीचा, असे दोन्ही अभ्यास एड्रियन यांच्याच हातून पुढे गेले, हे या विषयाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लहरींना वारंवारतेप्रमाणे नावे आहेत. चार हर्ट्झच्या खाली डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा अल्फा, तेरा ते तीस बीटा आणि त्यावर साधारण ऐंशी-नव्वदपर्यंत गॅमा. दृष्टीच्या संदर्भात अल्फा आणि गॅमा यांना विशेष महत्त्व आहे. लहर म्हणजे पेशीचा आवेग नव्हे. असंख्य पेशींमध्ये एकाच वेळी शिरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहांची ती बेरीज असते. पेशींची उत्तेजनक्षमता लहरीबरोबर वरखाली होते, त्यामुळे लहरीच्या एका टप्प्यावर आवेग निघणे सोपे असते, दुसऱ्यावर अवघड. आवेगांची वेळ आणि लय यांचा सांधा इथे जुळतो. तबल्याच्या ठेक्यात मात्रा तितक्याच ठेवून बोलांच्या जागा हलवल्या तर ठेकाच बदलतो. तसे आवेगाचा अर्थ तो लयीत कुठे पडला यावरही ठरू शकतो.

गॅमा लय तयार कशी होते, हे बऱ्याच अंशी उलगडले आहे. उत्तेजक पेशी आवेग सोडतात. त्यांनी जागवलेल्या, झपाट्याने आवेग सोडणाऱ्या दमनकारी पेशी लगेच आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प करतात. दमन ओसरायला काही मिलिसेकंद लागतात, ते ओसरले की उत्तेजक पेशी पुन्हा एकत्र उठतात. चाळीस हर्ट्झच्या लयीत हे एक आवर्तन पंचवीस मिलिसेकंदांचे असते. २००९ मध्ये दोन गटांनी उंदरांमध्ये नेमक्या याच दमनकारी पेशी प्रकाशाच्या साहाय्याने चालू-बंद करून गॅमा लय वाढवून आणि घटवून दाखवली. अल्फाच्या निर्मितीत थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्यातील देवाणघेवाणीचा वाटा आहे.

गॅमा लय प्रसिद्धीच्या झोतात आली ती जोडणीच्या प्रश्नामुळे. लाल चेंडू उजवीकडे जात आहे असे पाहताना रंग, आकार आणि गती वेगवेगळ्या क्षेत्रांत हाताळल्या जातात. दृश्यात निळी गाडीही असेल, तर लाल हा रंग चेंडूचाच हे मेंदूला कसे कळते? क्रिस्टोफ फॉन डेर माल्सबुर्ग यांनी १९८१ मध्ये एक उपाय सुचवला : एकाच वस्तूशी संबंधित पेशींनी एकाच क्षणी आवेग सोडावेत, त्यांचे एकत्र असणे वेळेतूनच व्यक्त व्हावे. १९८९ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत चार्ल्स ग्रे, वुल्फ झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या दृक्-कॉर्टेक्समध्ये एकमेकांपासून ७ मिलिमीटर दूर असलेल्या दोन जागी विद्युतअग्रे ठेवली. दोन्ही जागांच्या पेशींना सारख्याच कोनाची रेघ लागत होती. एक लांब पट्टी दोघींच्या दृष्टिक्षेत्रांवरून सरकवली, तेव्हा दोन्हीकडचे आवेग चाळीस-साठ हर्ट्झच्या लयीत एकमेकांशी घट्ट जुळले. त्याच पट्टीचे दोन तुकडे करून ते एकाच दिशेने सरकवले, तर जुळणी ढिली झाली. तुकडे विरुद्ध दिशांना सरकवले, तर ती नाहीशी झाली. प्रत्येक पेशीपुढे तिन्ही वेळा तशीच रेघ होती. बदलला होता तो एकसंधपणा. १९९० मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि क्रिस्टोफ कॉख यांनी चाळीस हर्ट्झच्या या लयीचा संबंध जाणिवेशी असावा असे सुचवले आणि विषयाची चर्चा प्रयोगशाळेबाहेर पोहोचली. पुढे दोघांनीही तो दावा बराच सौम्य केला.

आक्षेपही ठाम होते. शॅडलन आणि अँथनी मूव्हशन यांनी १९९९ मध्ये विचारले, की जुळणी निर्माण झाली तरी ती वाचणार कोण, आणि कोणते भाग एका वस्तूचे हे आधी ठरल्याशिवाय पेशी जुळणार तरी कशा? सुप्रतीम रे आणि जॉन मॉन्सेल यांनी २०१० मध्ये माकडांवरील नोंदींतून दाखवले, की गॅमाची वारंवारता चित्रातील प्रकाश-छायेच्या फरकाप्रमाणे बदलते. एकाच चित्राचा एक भाग ठळक आणि दुसरा फिका असेल, तर शेजारच्याच पेशी निरनिराळ्या वारंवारतेने डोलतात. ज्याची गती जागोजाग वेगळी ते घड्याळ सगळ्यांना एक वेळ देऊ शकत नाही. माणसाच्या कॉर्टेक्सवरील नोंदींतही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना जोरदार गॅमा उमटतो, तर अनेक नैसर्गिक चित्रांना तो जवळपास दिसतच नाही, आणि तरीही माणसाला ती चित्रे व्यवस्थित दिसतात. टाळूवरील ईईजीमध्ये गॅमा म्हणून नोंदवल्या गेलेल्या काही प्रतिसादांचे मूळ तर डोळ्यांच्या बारीक झटक्यांमध्ये होते, हे २००८ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी उघड केले. जोडणीचा सिद्धान्त मूळ स्वरूपात आज फार थोडे जण मानतात.

त्याची जागा अधिक माफक कल्पनांनी घेतली आहे. अवधान हे त्यांचे मुख्य क्षेत्र. पास्काल फ्रीस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माकडांच्या मेंदूतील दृष्टीच्या ‘व्ही-४’ क्षेत्रात पाहिले, की प्राणी ज्या वस्तूकडे लक्ष देतो तिच्याशी संबंधित पेशींची गॅमा लयीतली जुळणी वाढते आणि हळू लहरींतली घटते. २००५ मध्ये फ्रीस यांनी मांडले, की दोन क्षेत्रांची लय जुळलेली असेल तर एकाचे आवेग दुसऱ्याच्या ग्रहणशील टप्प्यावर पोहोचतात आणि संदेश पार पडतो. जुळलेली नसेल तर तो वाया जातो. दिशेचाही शोध लागला. माकडांच्या दृष्टिक्षेत्रांतील नोंदींनुसार गॅमा लहरी मुख्यतः खालच्या क्षेत्रांकडून वरच्या क्षेत्रांकडे जातात, तर अल्फा वरून खाली येते. म्हणजे डोळ्याकडून आलेली बातमी एका लयीत वर चढते आणि अपेक्षा व लक्ष दुसऱ्या लयीत खाली उतरतात, असे हे चित्र आहे.

अल्फाबद्दलची समजूत तर पार पालटली. पूर्वी ती आळसावलेल्या मेंदूची खूण मानली जाई. आता ती सक्रिय दमनाची खूण मानतात. माणसाने नजर स्थिर ठेवून लक्ष डावीकडे वळवले, तर नको असलेल्या उजव्या बाजूचे दृश्य हाताळणाऱ्या अर्धगोलात अल्फा वाढते आणि हव्या असलेल्या बाजूसाठीच्या अर्धगोलात घटते. २००९ मध्ये दोन गटांनी आणखी पुढचे निरीक्षण मांडले. अगदी पुसट प्रकाशबिंदू दाखवला, तर तो दिसेल की निसटेल हे अंशतः तो क्षण लहरीच्या कोणत्या टप्प्यावर पडला यावर अवलंबून असते. यावरून दृष्टी अखंड नसून सेकंदाला सुमारे दहा झलकांची बनलेली आहे, असा विचार रूफिन व्हॅनरुलेन यांनी मांडला. पुढच्या सर्वच पडताळण्यांत हा परिणाम मिळालेला नाही, म्हणून त्याकडे आकर्षक पण अनिर्णित कल्पना म्हणूनच पाहावे.

या अभ्यासाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून काही सेकंद झळकला. त्या संध्याकाळी ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांचे दृक्-कॉर्टेक्स अशा लुकलुकीबरोबर स्वतःच लयीत खेचले जाते आणि झटका येतो. ठळक पट्ट्यांच्या स्थिर आकृत्यांनीही काहींना असा त्रास होतो, आणि गॅमा सर्वांत जोरात उठवणाऱ्या आकृत्याही त्याच आहेत. दूरचित्रवाणीवरील लुकलुकीबाबतचे नियम त्या घटनेनंतर कडक झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतीम रे यांच्या प्रयोगशाळेने पट्ट्या दाखवून ज्येष्ठ नागरिकांच्या ईईजीतील गॅमा मोजला. वयाबरोबर तो क्षीण होतो आणि स्मृतिक्षयाची लक्षणे सुरू झालेल्यांमध्ये समवयस्क निरोगी व्यक्तींपेक्षाही क्षीण असतो, असे त्यांना आढळले. स्वस्त, वेदनारहित तपासणीची शक्यता त्यातून पुढे येते. लुकलुकीने उपचार करण्याची कल्पना मात्र कच्चीच आहे. चाळीस हर्ट्झच्या प्रकाशाने उंदरांच्या दृक्-कॉर्टेक्समधील अल्झायमरशी निगडित प्रथिन घटते, असे अमेरिकेतील एमआयटीमधील गटाने २०१६ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील गटाला तो परिणाम मिळाला नाही.

तंत्रज्ञानानेही आवेगांची वेळ उचलली आहे. कार्व्हर मीड आणि मिशा महोवाल्ड यांनी सिलिकॉनवर दृष्टिपटल घडवले. त्याच वाटेने पुढे आलेले घटनाधारित कॅमेरे पूर्ण चौकट टिपत नाहीत. ज्या बिंदूवरचा प्रकाश बदलला तेवढाच बिंदू त्या क्षणी संकेत पाठवतो. २०१४ मध्ये आयबीएमने सादर केलेल्या ‘ट्रूनॉर्थ’ या चिपमध्ये दहा लाख कृत्रिम चेतापेशी आणि सुमारे २५.६ कोटी चेतासंधी होत्या, आणि ती साधारण ७० मिलिवॉट विजेवर चाले. या प्रकल्पाचे प्रमुख धर्मेंद्र मोधा मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. आवेग फक्त गरजेपुरता आणि योग्य क्षणी पाठवला तर ऊर्जा किती वाचते, हे या चिपने दाखवले.

एवढ्या वाटचालीनंतर काय पक्के आणि काय अजून अधांतरी, हे वेगळे ठेवणे आवश्यक आहे. दृष्टिपटल आणि थॅलॅमसमधील आवेग मिलिसेकंदांच्या पातळीवर काटेकोर असतात आणि त्यांच्या वेळेत दृश्याची माहिती असते, हे पक्के आहे. चेतासंधी आवेगांच्या क्रमाप्रमाणे बदलतात, हेही पक्के आहे. लक्ष देण्याबरोबर अल्फा आणि गॅमा लयींमध्ये बदल होतात, याला भरपूर आधार आहे. पाहण्याची क्रिया या लयींवर अवलंबून आहे, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. लय आणि दृष्टी बरोबर चालतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून या विषयावरचा कोणताही नवा दावा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : मोजमाप एका पेशीचे आहे की लाखो पेशींच्या बेरजेचे? लयीतला बदल दिसण्याच्या आधीचा आहे की नंतरचा? आणि लय मोडली असता दिसणे बिघडले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज बहुतेक शोधनिबंधांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर देणारे प्रयोग थोडे आहेत, आणि या विषयात पुढे काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हात घालावा असे काम तेच आहे.